मातीत मुरलेले विष

हवा बिघडली तर मनुष्य नाकाला पदर लावतो. पाणी बिघडले तर तोंडातला घोट थुंकून टाकतो. जमीन बिघडली तर मात्र त्यास बहुधा काहीच कळत नाही. पीक हिरवेगार डोलत असते, तांदूळ पांढराशुभ्र दिसतो, भाजीच्या चवीतही अंतर पडत नाही. दूषित जमिनीचा हा पहिला विशेष झाला. दुसरा विशेष त्याहून गंभीर आहे. वारा सुटला की धूर पांगतो. पूर आला की नदी पुष्कळशी घाण समुद्रास नेऊन पोचविते. पण जमीन जागची हलत नाही. तिच्यात जे पडले आणि जे कुजून किंवा विरून नाहीसे होत नाही, ते तेथेच राहते व वर्षानुवर्षे साठत जाते. ह्या दोन गोष्टी ध्यानात घेतल्या म्हणजे जमिनीची शुद्धता हा एकट्या शेतकऱ्याच्या काळजीचा विषय नसून शहरातील प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाचाही तो विषय आहे, हे पटू लागते.

प्रथम माती म्हणजे काय वस्तू आहे ते पाहू. ऊन, पाऊस, झाडांची मुळे व सूक्ष्म जीव ह्यांच्या संयुक्त परिश्रमाने खडक फुटतो, झिजतो, आणि त्यात पालापाचोळा कुजून मिसळतो. तेव्हा कोठे माती तयार होते. बोटभर जाडीचा थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. ह्या मातीत चिकणमातीचे जे अतिशय बारीक कण असतात, त्यांच्या अंगी ऋण विद्युद्भार असतो. आणि कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याचाही तोच गुण असतो. धातूंचे कण पाण्यात विरघळले म्हणजे त्यांच्यावर धन भार येतो. साहजिकच लोहचुंबकाला टाचण्या चिकटाव्यात त्याप्रमाणे हे धातूंचे कण मातीला चिकटून बसतात. चुना, पोटॅश, मॅग्नेशियम ही पिकांची अन्नद्रव्ये पहिल्या पावसातच वाहून जात नाहीत, ती ह्या गुणामुळेच. जमिनीची सुपीकता ज्या गुणावर अवलंबून आहे, तोच गुण विषारी धातूंच्या बाबतीत घातक ठरतो. शिसे, कॅडमियम, पारा ह्यांनाही माती तितक्याच घट्टपणे धरून ठेवते. तिला मित्र आणि शत्रू ह्यांतील भेद कळत नाही.

ह्याचे परिणाम कोणत्या थरापर्यंत जाऊ शकतात, हे जपानातील एका खोऱ्याच्या इतिहासावरून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

जपानच्या मुख्य बेटावर तोयामा नावाचा प्रांत आहे. डोंगरातून उतरणारी जिन्झू नदी ह्या प्रांताच्या सपाटीवरून वाहत जाऊन समुद्रास मिळते, आणि तिच्या पाटांच्या पाण्यावर दोन्ही तीरांवरील भाताची खाचरे पिकतात. नदीच्या वरच्या अंगास, शेजारच्या गिफू प्रांतात, कामिओका येथे फार जुनी खाण आहे. पूर्वी तेथून चांदी काढीत; एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती मित्सुई घराण्याच्या कंपनीकडे आली, आणि विसाव्या शतकात शिसे व जस्त ह्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. युद्धांच्या काळात ह्या धातूंना मागणी वाढली, तसे कामही वाढले. जस्ताच्या खनिजाबरोबर निसर्गतःच थोडेसे कॅडमियम असते. जस्त काढून घेतल्यावर जो बारीक चुरा व गाळ उरे, त्यासमवेत हे कॅडमियम नदीत जाऊ लागले. उताराच्या वेगात पाणी पुढे धावे. पण सपाटीवर आल्यावर पाटात आणि पाटातून खाचरात शिरले की ते थबके. भाताचे खाचर म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेला संथ हौदच. त्यात गाळ अगदी तळास बसावयाचा. एका हंगामात बसला तो पुढील हंगामात चिखलणी करताना मातीत मिसळावयाचा. असे वर्षानुवर्षे चालले.

येथे भाताच्या लागवडीतील आणखी एक बारकावा सांगितला पाहिजे. खाचरात पाणी तुंबलेले असते तोवर मातीत प्राणवायू शिरत नाही आणि कॅडमियम गंधकाशी संयोग पावून बहुतांशी अविद्राव्य स्थितीत पडून राहते. परंतु कापणीच्या आधी खाचरातील पाणी सोडून देण्याची रीत आहे. पाणी गेले की हवा शिरते, तो संयोग मोडतो, कॅडमियम मोकळे होते; आणि दाणा भरण्याचे दिवस नेमके तेच असतात. मुळे ते शोषून घेतात आणि ते दाण्यात जाऊन बसते. रोपाला त्याचा फारसा अपाय होत नाही, म्हणून शेतावर उभ्या असलेल्या शेतकऱ्यास धोक्याची कसलीच सूचना मिळत नाही.

ती सूचना मिळाली शेतकऱ्यांच्या बायकांच्या हाडांतून. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, नोबोरू हागिनो हे डॉक्टर लष्करी सेवेतून परत येऊन आपल्या गावी घराण्याचा दवाखाना पाहू लागले. त्यांच्याकडे येणाऱ्या रोग्यांत एक विलक्षण व्याधी त्यांना वारंवार आढळू लागली. रोगी बहुतेक स्त्रियाच. वय पस्तिशीच्या पुढे, पुष्कळ मुले झालेल्या, जन्म शेतात राबण्यात गेलेला. प्रथम कंबर व मांड्या दुखू लागत; मग चाल बदकासारखी होई; पुढे हाडे इतकी ठिसूळ होत की खोकल्याच्या उबळीनेही बरगडी मोडावी. अंथरुणास खिळलेल्या ह्या बायकांच्या तोंडून रात्रंदिवस ‘इताई, इताई’ असे उद्गार निघत. त्याचा अर्थ ‘दुखते, दुखते’. रोगास पुढे हेच नाव पडले आणि १९५५ साली ते वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले.

कारण मात्र पुष्कळ दिवस सापडेना. कोणी म्हणे अन्न निकृष्ट, कोणी म्हणे श्रम फार, कोणी म्हणे ऊन कमी. शिवाय घराघरांतून दुखणे लपविण्याकडेच प्रवृत्ती. कारण गावाचे नाव निघाले तर तांदूळ विकला जावयाचा नाही आणि मुलींची लग्ने जमावयाची नाहीत. हागिनो ह्यांनी रोग्यांची घरे नकाशावर मांडून पाहिली, तेव्हा ती सर्व जिन्झूच्या पाण्यावर पिकणाऱ्या भागातच आढळली. दुसऱ्या नद्यांचे पाणी घेणारी गावे मोकळी होती. खाणीचा संशय त्यांनी १९५७ साली बोलून दाखविला, तेव्हा त्यांच्यावर टीकाच अधिक झाली. पुढे शेतीशास्त्रज्ञ किनइची योशिओका आणि ओकायामा विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ जून कोबायाशी हे त्यांना येऊन मिळाले. पाणी, माती, तांदूळ आणि मृत रोग्यांची हाडे ह्या सर्वांत कॅडमियम आढळले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार इतकी वर्षे चालला होता. दुखणे खालच्या गावात होते आणि त्याचे मूळ कित्येक मैल वर, डोंगरात होते.

कॅडमियम शरीरात काय करते तेही थोडक्यात सांगणे अवश्य आहे. अन्नातून आलेले कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि तेथून अर्धे निघून जाण्यास दहा ते तीस वर्षे लागतात. म्हणजे मातीची जी स्थिती, तीच मूत्रपिंडाचीही. रोजची मात्रा अत्यल्प असली तरी बेरीज वाढत जाते. एका मर्यादेपलीकडे मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका निकामी होतात. शरीरास लागणारी फॉस्फेटे व चुना मूत्रावाटे निघून जाऊ लागतात, ड जीवनसत्त्वाचे कार्य मंदावते आणि हाडे मऊ पडतात. गर्भारपणात व मुलांना अंगावर पाजताना स्त्रियांच्या शरीरातील चुना आधीच खर्ची पडलेला असतो. म्हणून घाला त्यांच्यावर अधिक आला. दि. ८ मे १९६८ रोजी जपान सरकारने हे कारण अधिकृतपणे मान्य केले. औद्योगिक प्रदूषणाने झालेला रोग म्हणून त्या देशात सरकारने मान्य केलेला हा पहिलाच रोग होय. त्याच वर्षी रोगी व त्यांचे कुटुंबीय न्यायालयात गेले. १९७१ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला आणि १९७२ च्या ऑगस्टमध्ये वरिष्ठ न्यायालयानेही तोच कायम केला. अधिकृत नोंद झालेल्या रोग्यांची संख्या पुढे सुमारे दोनशेपर्यंत गेली.

एवढ्यावर प्रकरण संपले असते, तर ती केवळ एका खटल्याची हकीकत झाली असती. परंतु रोग ओळखला, अपराधी ठरला, भरपाई मिळाली, तरी माती होती तशीच होती. आता ती स्वच्छ करावयाची कशी?

ह्या प्रश्नाचे बिकट स्वरूप एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. एक हेक्टर जमिनीवरील पंधरा सेंटिमीटर जाडीच्या मातीचे वजन सुमारे २,००० टन, म्हणजे वीस लक्ष किलो भरते. ह्या मातीत किलोमागे एक मिलिग्रॅम कॅडमियम असेल, तर एकंदर कॅडमियम झाले दोन किलो. दोन किलोची ती भुकटी एखाद्या लहान डब्यात मावेल. पण ती वीस लक्ष किलो मातीच्या कणाकणास चिकटून बसली आहे. ती चाळून निघत नाही, धुऊन निघत नाही, जाळून तर मुळीच नाही. कारण धातू हे मूलद्रव्य आहे, त्याचा नाश होत नाही. डबाभर विष टाकण्यास एक क्षण पुरतो. ते वेचून काढण्यास मात्र सगळे शेत उपसावे लागते.

आणि जिन्झूच्या खोऱ्यात अक्षरशः तेच करावे लागले. जपानने १९७० साली शेतजमिनीच्या प्रदूषणास आळा घालणारा कायदा केला. ज्या शेतातील तांदळात किलोमागे एक मिलिग्रॅम किंवा अधिक कॅडमियम आढळेल, ते शेत दूषित म्हणून जाहीर व्हावयाचे असे ठरले. तोयामाच्या सपाटीवरील सुमारे दीड हजार हेक्टर जमीन अशी निघाली. दुरुस्तीची रीत अशी: वरची दूषित माती काढून खोल पुरावयाची, तीवर दगडगोट्यांचा कठीण थर दाबून बसवावयाचा आणि त्यावर डोंगरातून आणलेली निर्मळ माती पसरावयाची. काही ठिकाणी जुनी माती न काढता तिच्यावरच नव्या मातीचे पांघरूण घातले. नव्या मातीत कस नसे. तो खतांनी व मशागतीने आणावा लागे. ह्या कामास १९७९ साली आरंभ झाला आणि ते २०१२ साली पुरे झाले. साडेआठशे हेक्टरांहून थोडी अधिक जमीन पुन्हा भाताजोगी करण्यास ३३ वर्षे लागली. उरलेल्या जमिनीचा बराच भाग घरे, रस्ते, कारखाने ह्यांच्याखाली गेला. कामास आरंभ झाला तेव्हा जन्मलेले मूल, काम संपले तेव्हा स्वतः मुलाबाळांचे झाले असेल.

ह्या सर्व प्रकरणातील सर्वांत बोधप्रद भाग मात्र निराळाच आहे. खटला जिंकल्यावर गावकऱ्यांनी केवळ पैसे घेऊन घरची वाट धरली नाही. त्यांनी कंपनीकडून असा करार लिहून घेतला की, गावकऱ्यांना व त्यांनी नेमलेल्या तज्ज्ञांना वाटेल तेव्हा खाणीत व कारखान्यात शिरून पाहणी करता यावी, पाण्याचे नमुने घेता यावेत आणि त्याचा खर्च कंपनीने सोसावा. १९७२ पासून दरसाल ही पाहणी होऊ लागली. शेतकरी कारखान्यात जाऊन नळ, गाळ बसविण्याची तळी आणि सांडपाण्याची वाट डोळ्यांनी पाहू लागले. कालांतराने नदीच्या पाण्यातील कॅडमियम जवळजवळ निसर्गतः असावे तितक्या प्रमाणावर आले. २००१ साली खनिज काढण्याचे काम थांबले, तरी जुन्या गाळाच्या साठ्यांवरील देखरेख संपली नाही. २०१३ च्या डिसेंबरात कंपनी व पीडितांच्या संघटना ह्यांच्यात अखेरचा समझोता झाला. जेथे विष जन्मास येते तेथेच पहारा बसवावा; ते मातीपर्यंत पोचल्यानंतरचा पहारा व्यर्थ होय, हा ह्या कराराचा मथितार्थ आहे.

जपानची ही गोष्ट परक्या देशाची म्हणून सोडून देता येणार नाही. कारण मातीचा कायदा सर्वत्र एकच आहे. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर विषारी धातूंची गोष्टच नको. साधे मीठ घेतले तरी पुरे. नीरेचा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला, उसाचे मळे उभे राहिले, आणि थोड्याच वर्षांत चांगल्या काळ्या जमिनींवर पांढरा खार फुलू लागला. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरोल्ड मान व त्यांचे सहकारी ताम्हणे ह्यांनी १९१० साली नीरेच्या खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर लिहिले, ते ह्यामुळेच. पिकास दिलेले पाणी वाफ होऊन उडून जाते, पण त्यात विरघळलेला क्षार मागे राहतो. लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असलेले विहिरीचे पाणी एका हेक्टरास वर्षभरात एक मीटर उंचीइतके दिले, तर एक कोटी लिटर पाण्याबरोबर पाच टन क्षार त्या जमिनीत उतरतो. निचरा चांगला असेल तर पावसाळ्यात तो खाली धुऊन जातो. निचरा नसेल तर भूजल वर चढते व तोच क्षार पृष्ठभागावर येतो. पाण्यासारख्या जीवनदायी वस्तूच्या बाबतीतही ‘अधिकस्य अधिकं फलम्’ हा न्याय लागू पडत नाही. उपाय दोनच: पाणी मोजून देणे आणि निचऱ्याचे चर खणणे.

खतांची व औषधांची कथाही ह्याहून फारशी निराळी नाही. फॉस्फेटी खतांचा दगड ज्या खाणीतून येतो त्याप्रमाणे त्यात कमीअधिक कॅडमियम असते. युरोपीय संघाने २०२२ पासून अशा खतांतील कॅडमियमला मर्यादा घातली ती त्यासाठीच. डीडीटीसारखी कीटकनाशके मातीत कित्येक वर्षे टिकतात. भारतात शेतीसाठी त्याचा वापर १९८९ साली बंद करण्यात आला, त्याचे एक कारण हे. माती तपासून, जे कमी असेल तेवढेच खत देणे आणि कीड खरोखर पडल्यावाचून औषध न फवारणे, ह्यात शेतकऱ्याच्या पैशाची बचत आहे व जमिनीचे रक्षणही आहे.

आता शहरातील घराकडे वळू. शहरातील मनुष्यास वाटते की, आपला मातीशी संबंध गच्चीवरील कुंड्यांपुरताच आहे. वस्तुस्थिती तशी नाही. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. परंतु तोपर्यंत मोटारींच्या धुरातून जे शिसे बाहेर पडले, त्यातील पुष्कळसे जुन्या रहदारीच्या रस्त्यांकडेच्या मातीत उतरले, आणि शिसे मातीतून सहजासहजी जात नाही. जुन्या घरांच्या खिडक्यादारांवरील रंगांतही शिसे असते. असा रंग खरवडून त्याचा चुरा अंगणात झाडून टाकला की तो तेथील मातीत मिसळतो, आणि त्याच मातीत लहान मुले खेळतात.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट कचऱ्याची. घरातील ओला कचरा नगरपालिकेकडे जातो, त्याचे खत होते व ते खत शेतावर जाते. हा क्रम उत्तम आहे. मातीतून आलेले मातीस परत करण्याचा तो सरळ मार्ग आहे. पण भाजीच्या देठांबरोबर त्या बादलीत घड्याळाचा सेल, फुटलेली नळीदिवा-बत्ती, रंगाचा डबा, मुदत संपलेली औषधे पडली, की तीही खताबरोबर निघतात. भारताच्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्ट खतात किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम आणि शिसे १०० मिलिग्रॅम ह्यांहून अधिक असता कामा नये, असे बंधन घातलेले आहे. ते पाळले जाण्याची पहिली जागा प्रयोगशाळा नसून स्वयंपाकघर होय. एकदा कालवलेला कचरा पुन्हा पुरता निवडता येत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरीच वेगळे करण्यास सांगितले, त्यामागील शास्त्र हेच आहे. पुष्कळांना हा नियम म्हणजे पालिकेची कटकट वाटते. वस्तुतः तो घरच्याच ताटाचा बंदोबस्त आहे. शहराने बादलीत टाकलेला सेल शेतास जातो आणि धान्य होऊन शहरातच परत येतो.

म्हणून घरी एक निराळा डबा ठेवणे, त्यात सेल, दिवे, औषधांच्या बाटल्या व रंगांचे अवशेष साठविणे आणि ते संकलन केंद्रावर किंवा विक्रेत्याकडे पोचते करणे, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी चार पैसे अधिक मिळतात म्हणून रस्त्यावरील भंगारवाल्यास न देता अधिकृत विक्रेत्यास परत करणे, प्लास्टिकचा कचरा अंगणात न जाळणे, ही कामे दिसावयास लहान आहेत. पण दोन किलोंचा मघाचा हिशेब ध्यानात ठेवला तर त्यांचे मोल कळेल. डब्यात आहे तोवर ते विष एका माणसास उचलता येते. मातीत गेल्यावर एका गावासही ते उचलवत नाही. जिन्झूच्या काठच्या लोकांना तेहतीस वर्षे खणावे लागले, आणि तेही एका श्रीमंत राष्ट्राचा पैसा व न्यायालयाचा हुकूम पाठीशी असताना.

शेतकरी जमिनीस काळी आई म्हणतो. आईचा स्वभाव असा की, लेकराने जे आणून हातात दिले ते ती टाकीत नाही, सांभाळून ठेवते. तिच्या हातात काय द्यावयाचे, एवढाच विचार लेकरांनी करावयाचा आहे.